धाव किती आखूड ठेवायची?

नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक प्रश्न आम्हाला फार सोयीचा वाटत आला आहे. ‘बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवतात. शास्त्रीय कारण द्या.’ गुण दोन. उत्तर ठरलेले असते. लोखंड तापवले की प्रसरण पावते, धावेचा घेर वाढतो, ती चाकावर सहज चढते. थंड होताना ती आकुंचन पावते आणि चाकाला घट्ट आवळून बसते. चार वाक्ये, दोन गुण. तपासणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही.

गेल्या वर्षी शेवगावात या प्रश्नाची उत्तरे तपासताना आमच्या ध्यानात आले की, जवळजवळ सर्वांनी हीच चार वाक्ये त्याच क्रमाने लिहिली आहेत. यांतल्या बहुतेकांनी धाव पाहिलेली नाही. आमच्या तालुक्यात कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यासुद्धा रबरी टायरच्या असतात. लाकडी चाक आता कुठे एखाद्या वाड्याच्या भिंतीला टेकलेले, नाहीतर ढाब्याच्या दारात रंगवून उभे केलेले दिसते. एका मुलाने मात्र प्रश्नाखालची जागा कोरी सोडली होती. त्याच्याकडे आपण पुढे येऊच. आधी या उत्तराकडे जरा निरखून पाहू.

उत्तर चूक नाही. पण ते घेऊन एखाद्या जुन्या लोहारापुढे गेलो, तर तो एवढेच विचारील: ‘बरं, मग धाव चाकापेक्षा आखूड किती ठेवायची?’ आम्ही हे उदाहरण कित्येक वर्षे वर्गात दिले. हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नाही. साऱ्या कामाची मेख मात्र याच प्रश्नात आहे.

हिशेब अवघड नाही, फळ्यावर करता येतो. चाकाचा व्यास १.४ मीटर धरा. घेर सुमारे ४.४ मीटर होतो. लोखंडाचा प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००१२ आहे. धावेभोवती गोवऱ्या रचून तिचे तापमान ५०० अंशांनी वाढवले, तर तिचा घेर ४.४ × ०.००००१२ × ५०० म्हणजे ०.०२६४ मीटर, सुमारे २६ मिलिमीटर वाढेल. (वरच्या तापमानाला प्रसरणांक थोडा वाढतो, तो फरक इथे सोडून देऊ.) म्हणजे घेरात २६ मिलिमीटर आखूड ठेवलेली धाव जेमतेम चढेल. तेवढी आखूड ठेवावी का? मुळीच नाही. एक तर ती चाकावर बसवताना चार माणसे सांडशीत धरून धावतात, तेवढ्यात ती थोडी निवते. दुसरे असे की, २६ मिलिमीटरचा सगळा आवळ लाकडावर आला, तर आरे वाकतील आणि चाक पिळवटेल.

मग किती? इथे लोखंडाचा धडा संपतो आणि लाकडाचा सुरू होतो. चाकाचा लाकडी घेर अखंड नसतो. बाभळीच्या लाकडाचे कमानदार तुकडे, ज्यांना पुठ्ठे म्हणतात, ते एकापुढे एक जोडून तो केलेला असतो. सांधे जुळवताना दोन पुठ्ठ्यांत मुद्दाम बारीक फट ठेवतात. धाव आवळली की त्या फटी मिटतात आणि आरे तुंब्यात घट्ट रुततात. सहा पुठ्ठे आणि प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटर फट असेल, तर १२ मिलिमीटर तिथेच गेले. शिवाय लाकूड किती वाळलेले आहे हा प्रश्न उरतोच. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. आडव्या अंगाने मात्र पुष्कळ आकसते. पुठ्ठ्याची जाडी, तुंब्याकडून बाहेर मोजलेली, १० सेंटिमीटर धरा. ओलसर लाकडाचे चाक जोडले आणि उन्हाळ्यात ही जाडी दोन टक्क्यांनी घटली, तर चाकाची त्रिज्या दोन मिलिमीटरने आणि घेर साडेबारा मिलिमीटरने कमी होईल. ५०० अंशांची आग लावून मिळवलेल्या वाढीतली निम्मी वाढ चैत्राच्या उन्हाने खाऊन टाकली! उन्हाळ्यात धाव खुळखुळू लागली की शेतकरी चाक पाण्यात बुडवून ठेवत, ते यामुळेच.

तेव्हा धाव बसवण्याच्या कामात लोखंडाचे प्रसरण हा भाग सर्वांत सोपा. अवघड भाग आहे तो लाकडाचा अंदाज: ते कोणत्या महिन्यात कापले, किती दिवस सावलीत पडले, सांधा कसा बसला आहे. माप घ्यायला दोरी पुरते. तिच्यातून किती वजा करायचे ते दोरी सांगत नाही.

हा अंदाज येतो कसा? मराठीत त्याला एक जुना शब्द आहे, उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणुकीचा फॉर्म डोळ्यांपुढे येतो; पण कोणाच्या हाताखाली बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करत शिकणारा तोही उमेदवारच. उमेद धरून बसलेला. ‘हाताखाली’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आपण वर्गात ‘शिक्षकांकडे’ शिकतो. धंदा ‘हाताखाली’ शिकतात.

हाताखाली शिकणे म्हणजे नक्की काय घडते, याचे आम्ही वाचलेले सर्वांत प्रामाणिक वर्णन एका इंग्रज शाळामास्तराने केलेले आहे, आणि तेही नेमके चाकांविषयीच. जॉर्ज स्टर्ट हा दक्षिण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या फार्नहॅम गावचा. तिथल्या शाळेत तो शिकवत असे. १८८४ साली, वयाच्या विशीत, घरचा गाड्या नि चाके बनवण्याचा कारखाना त्याच्या अंगावर पडला. पुढे १९२३ साली त्याने या आयुष्यावर ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे पुस्तक लिहिले. मालक तो होता, पण कामाचे ज्ञान होते ते त्याच्या कामगारांजवळ. म्हणजे हा मालकच आपल्या नोकरांचा उमेदवार झाला. पुस्तकी शिक्षणाने तयार झालेला माणूस कसबापुढे कसा अडखळतो, हे त्याने लपवलेले नाही, आणि शिक्षकाने हे पुस्तक वाचावे ते यासाठी.

त्यातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. तिकडच्या गाडीचे चाक सपाट नसते, बशीसारखे किंचित खोलगट असते. कामगार ते तसे करत आणि ‘तसेच करायचे असते’ यापलीकडे कारण सांगत नसत. स्टर्टलाही ते कित्येक वर्षे उमगले नाही. शेवटी चालत्या घोड्याकडे पाहताना त्याला समजले की, घोडा प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे झुलतो, त्या झुलण्याने गाडीतला भार तुंब्याला आळीपाळीने आडवा धक्का देतो आणि सपाट चाक अशा धक्क्यांनी खिळखिळे होईल. बशीदार चाक ते सोसते. कारण सापडले तेव्हा चाके बनतच होती. कारण ठाऊक नसतानाही ती उत्तम बनत होती.

हे पुस्तक आम्हाला आवडते, तरी त्याची एक बाजू खटकते. स्टर्टला जुन्या कसबाचा फार लळा आहे आणि ते कसब बुडाल्याचे दुःखही. पण ज्यांच्या हातांत ते होते ते कामगार पुस्तकात बोलतात ते मालकाच्या तोंडून. त्यांना या कामाचा कंटाळा येत होता का, आपल्या मुलाने दुसरे काही करावे असे त्यांना वाटत होते का, हे आपल्याला त्यांच्याकडून कळत नाही. कसबाचे गोडवे गाणाऱ्या बहुतेक लेखनाचे असेच होते. गुरुकुलाविषयीची आपल्याकडची भाषणे आठवावीत.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तिखट आहे, कारण इथे उमेदवारीच्या दाराला जातीची कडी होती. यासाठी स्टर्टच्या पुस्तकाशेजारी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ ठेवून वाचावे. नावातच गाडा आहे. गावचे वतनदार, कारू-नारू, फिरस्ते, त्यांची कामे आणि हक्क यांचा असा तपशील मराठीत क्वचितच दुसरीकडे मिळेल. आत्रे भाबडे नाहीत. सुतार, लोहार, चांभार यांना वर्षाकाठी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. ते कामाच्या गुणावर नव्हे, वतनावर मिळे. आणि म्हणून कामाचा कस घसरला, हा त्यांचा रोख स्पष्ट आहे. फाळ नीट पाजवला काय आणि न पाजवला काय, पेंढ्या तेवढ्याच. दुसऱ्या गावच्या लोहाराकडे जायची सोय नाही. ‘वडिलोपार्जित कसब’ या शब्दांनी ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांनी ‘गावगाडा’ जरूर वाचावा.

पुस्तकाची मर्यादा आम्हाला जाणवते ती अशी की, त्याची नजर वरून, व्यवस्थेकडे आहे. गावाला लोहाराकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब त्यात आहे. भात्यावर बसलेला लोहाराचा मुलगा विळ्याला पाणी द्यायला कसा शिकतो, याकडे पुस्तकाचा रोख नाही. आणि त्या शिकण्यातच अन्यायाची दुसरी बाजू दडलेली आहे. लोहाराच्या मुलाला उमेद धरण्याची गरज नव्हती, त्याला दुसरा मार्गच नव्हता. इतरांच्या मुलांना उमेद धरण्याची सोय नव्हती. जातीने कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच वाटून टाकली, असा डॉ. आंबेडकरांचा १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मधला आक्षेप आहे. तो कारखानदारीपेक्षाही शिक्षणाला अधिक लागू पडतो असे आम्हाला वाटते. आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगर शहरात, अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शाळा काढून जातीबाहेरच्या मुलांच्या हाती रंधा आणि पटाशी दिली, तेव्हा त्यातली धर्मप्रसाराची बाजू सोडली तरी, एक कडी निघाली होती हे मान्य करायला हवे.

आणि मुली? शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. भटक्या जमाती या यात्रेला दूरदूरहून येतात. घिसाडी कुटुंबाचे काम त्या भागातल्या आठवडे बाजारांतही रस्त्याकडेला पाहायला मिळते. जरा थांबून पाहावे. पुरुष सांडशीत लालभडक लोखंड ऐरणीवर धरतो आणि डाव्या-उजव्या अंगाला वळवतो. घण घालते ती बाई. तो हातातल्या लहान हातोडीने लोखंडावर टिचकी मारतो, आणि ज्या जागी टिचकी पडली त्याच जागी पुढच्या क्षणी तिचा घण पडतो. एक शब्द बोलला जात नाही. किती जोराने मारायचे, हे ती लोखंडाच्या रंगावरून ओळखते. निवत चाललेल्या लोखंडावर जोराचा घाव घातला तर ते तडकते. एवढे सारे येऊनही तिला कोणी लोहार म्हणत नाही. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या आईचा व्यवसाय म्हणून आपण ‘घरकाम’ लिहितो.

रंगावरून आठवले. लोहाराची शाळा, म्हणजे भट्टीची जागा, अंधारी का असते? गरिबीमुळे, असे आम्हाला वाटत असे. खरे कारण प्रकाशात आहे. तापलेली वस्तू सुमारे ५२५ अंश सेल्सियसला लालसर दिसू लागते. अमेरिकेत काम करणाऱ्या जॉन ड्रेपर याने १८४७ साली हे मोजले. पण ती मंद लाली अंधारातच दिसते. भर उन्हात तेच लोखंड काळे दिसते आणि फसवते. पोलाद कडक करायला ते ७२७ अंशांच्या वर नेऊन पाण्यात बुडवावे लागते. ते नुसते तसेच ठेवले तर काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून पुन्हा थोडे तापवायचे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या वेळी रंगांचे पट्टे धावतात: २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. कोणता रंग आला की थांबायचे हे हत्यार ठरवते. वस्तऱ्याला पिवळा, स्प्रिंगला निळा. लोहाराजवळ थर्मामीटर नसतो असे आपण म्हणतो ते चूक आहे. त्याच्याजवळ तो असतो. तो वाचायला शिकायला काही वर्षे लागतात, इतकेच.

आता या ‘काही वर्षां’चे सरकारी कागदावर काय होते ते पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार, सुतार, कुंभार, शिंपी असे १८ व्यवसाय तिच्यात आहेत. ओळखपत्र, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, कमी व्याजाचे कर्ज, हे सारे उपयोगी आहे. गुरु-शिष्य परंपरेचा उल्लेखही उद्दिष्टांत आहे. प्रत्यक्षात मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आणि प्रगत प्रशिक्षण पंधरा दिवसांचे किंवा अधिक. शिवाय लाभार्थी आधीपासून त्या व्यवसायात असला पाहिजे, वय किमान १८. म्हणजे योजना शिष्यासाठी नाही, झालेल्या कारागिरासाठी आहे. शिष्य कुठून यायचा, हा प्रश्न उरतोच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उमेदवारीला कायद्याचे रूप दिले, पण तो प्रामुख्याने मोठ्या आस्थापनांसाठी. आजच्या नियमांत ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेवर बंधन आहे; चारपासून पुढच्यांना ऐच्छिक. मिस्त्री, त्याचा भाचा आणि एक मदतनीस अशा शेवगावच्या दुकानाचा त्यात हिशेबच नाही.

आणि शाळा? कार्यानुभव नावाचा एक विषय आम्ही शिकवला आहे. खडू, फिनेल, कागदी पिशव्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांतून ‘कार्यानुभवाच्या वस्तू’ तयार मिळत आणि आम्ही त्यांना गुण देत असू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. कल्पनेचे स्वागत करावे. पण दहा दिवसांत मूल लोहाराला भेटेल. त्याच्या हाताखाली जाणार नाही.

याहून गंभीर प्रयोग आपल्याच राज्यात झालेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. नोकरीत संशोधक असलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, आरोग्य-आहार. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाचा हा विषय पुढे शालान्त मंडळानेही मान्य केला. त्यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अभ्यासक्रमाच्या यादीत नाही. ती अशी की, मुले गावकऱ्यांची खरी कामे करतात आणि त्याचे पैसे घेतात. चुकले तर गिऱ्हाईक परत येते. कार्यानुभवाच्या फिनेलला गिऱ्हाईक नव्हते. कलबागांचा आग्रह असा होता की, हे धंदेशिक्षण नव्हे, हेच शिक्षण. म्हणून अनेक कामांची तोंडओळख. हे आम्हाला पटते. मात्र ज्या मुलाला एकच काम खोलवर शिकायचे आहे, त्याची भूक एका दिवसाने भागत नाही, हेही खरे आहे.

इथे तो कोऱ्या जागेचा मुलगा येतो. हजेरीपटावर त्याच्यापुढे ‘अनियमित’ असा शेरा होता. एका संध्याकाळी तो नेवासा रस्त्यावर त्याच्या मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात दिसला. अँगलच्या पट्ट्यांची एक चौकट जमिनीवर मांडलेली होती. तो गुण्या लावून कोपरे पाहत होता आणि मामा टाके मारत होता. आम्ही सहज विचारले, “सरळ एका बाजूने भरत का नाही जात?”

“ओढली जाती ना, सर. आधी चारी कोपऱ्यांना टाके मारायचे. मग तिरपं मापायचं, दोन्ही बाजूंनी सारखं आलं पाहिजे. मग समोरासमोरचे कोपरे भरायचे.”

“ओढली का जाते?”

“गरम झालेलं गार होताना आवळतंय. जिकडं आधी भरलं तिकडं चौकट झुकती.”

“मग हे परीक्षेत का नाही लिहिलंस? प्रश्न हाच होता की.”

तो गोंधळला. “तिथं बैलगाडीचं विचारलं होतं, सर. बैलगाडीचं मला म्हाईत नाही.”

आम्ही त्याला त्या प्रश्नाला शून्य दिले होते. पाठ केलेली चार वाक्ये लिहिणाऱ्यांना प्रत्येकी दोन. आकुंचनाचा जोर किती असतो आणि त्याची दिशा कशी वळवायची, हे साऱ्या वर्गात त्या एकालाच ठाऊक होते.

मिस्त्री म्हणाले, “दोन चौकटी वाकड्या केल्या होत्या त्यानं सुरुवातीला. कापून परत करायला लावल्या. गिऱ्हाइकाला वाकडं दार कसं द्यायचं, मास्तर?” आम्ही उत्तरपत्रिकेवर लाल रेघ मारतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. कापून परत करायला लावत नाही.

म्हणून मुलांना शाळेतून काढून दुकानात बसवावे असे आम्ही म्हणत आहोत का? नाही. त्या दुकानात मुलाच्या डोळ्यांवर काळी काच नव्हती. ठिणगीच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. मिस्त्रींनी ते सोसले होते, भाचाही सोसत होता, आणि दोघेही ते शिकण्याचाच भाग समजत होते. फटके खाऊन शिकलो, असे अभिमानाने सांगणारे उस्ताद आपल्याला सगळीकडे भेटतात. अनेक मुले त्या फटक्यांनी धंदा सोडून पळालेली असतात. ती अभिमानाने सांगायला येत नाहीत.

शिवाय दुकानातल्या ज्ञानाला एक कुंपण असते. त्याच दुकानात पाण्याच्या पंपाचे फुटलेले बिडाचे कवच पडले होते. मिस्त्री म्हणाले, “बिडाला वेल्डिंग धरत नाही, बाजूलाच चीर जाती.” हा त्यांचा एक स्वतंत्र नियम होता, चौकटीच्या नियमाशी संबंध नसलेला. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे. गार होताना सांधा आवळतो. साधे लोखंड थोडे ताणले जाते, वाकते आणि निभावते. बीड ताणले जात नाही, म्हणून तडकते. मग सारे कवचच आधी तापवून घेतले आणि नंतर राखेत पुरून हळूहळू निवू दिले, तर सांधा नि भोवतालचा भाग जवळजवळ बरोबरीने आकसतील आणि तडा जाण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. एका चौकटीतले ज्ञान दुसऱ्या कवचापर्यंत नेणे, हे काम शाळेचे. ते आम्ही त्या मुलासाठी केले नव्हते, कारण त्याला काय येते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

संशोधनाच्या क्षेत्रात ही फारकत नाही, ही गंमत लक्षात घ्यावी. पीएच. डी. करणारा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढतो. डॉक्टर रुग्णालयात, वकील ज्येष्ठ वकिलाकडे, सनदी लेखापाल आर्टिकलशिपमध्ये. ही सारी उमेदवारीच. आपणही बी.एड.ला पाठ घेतले आणि मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांची पेन्सिल हलताना पाहून घाम पुसला. शिडीच्या वरच्या टोकाला उमेदवारी प्रतिष्ठेची आहे, खालच्या टोकाला ती ‘अनियमित’ आहे, आणि मधल्या दहा वर्षांत तिचा मागमूस नाही.

मिस्त्रींना आम्ही वर्गात येऊन दोन शब्द बोलायला सांगितले. ते आले नाहीत. “बोलायचं काय त्यात? तुम्हीच पोरं घेऊन या,” म्हणाले. तेव्हा आम्ही बारा मुले-मुली घेऊन दुकानात गेलो. पाण्याच्या टाकीखाली ठेवायला ९० बाय ६० सेंटिमीटरची चौकट हवी होती. वेल्डिंग मिस्त्रींनी करायचे, मुलांनी लांब उभे राहायचे, काळ्या काचा सर्वांना; मात्र कोणता कोपरा आधी आणि कोणता नंतर हे मुलांच्या गटांनी सांगायचे, असे ठरले. भाच्याने तोंड उघडायचे नाही, अशीही अट होती. मिस्त्रींनी प्रत्येक गटाचे मुकाट्याने ऐकले. चुकीचेसुद्धा.

मुलांनी पायथागोरसने काढलेला कर्ण १०८.२ सेंटिमीटर होता. पहिल्या चौकटीचे कर्ण १०८.६ आणि १०७.७ आले. दुसऱ्या गटाने, तीन मुलींच्या सांगण्यावरून, आधी नुसते टाके मारायला लावले. तिच्या कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक राहिला. तिसरी जवळजवळ गुण्यात आली. टाकीखाली ती बसवली आहे.

निघताना मिस्त्रींनी बिल केले. त्यात तिन्ही चौकटींचे अँगल धरलेले होते. पहिल्या गटाचे म्हणणे, आम्ही तर शिकत होतो. मिस्त्री म्हणाले, “लोखंड शिकत नव्हतं.” त्या पैशांवरून वर्गात दोन दिवस वाद चालला. अखेर निम्मे शाळेने आणि निम्मे गटाने द्यायचे ठरले, आणि पहिल्या गटाने आठ दिवसांनी पुन्हा जाऊन ती चौकट आपल्या देखत कापून घेतली. आता तिच्या कर्णांत एक मिलिमीटरचा फरक आहे. यंदाच्या चाचणीत आम्ही धावेचा प्रश्न ठेवला आहे, फक्त ‘कारण द्या’ खोडून त्या जागी ‘किती आखूड ठेवाल, आणि ते ठरवण्यापूर्वी सुताराला काय विचाराल?’ असे लिहिले आहे. गुण किती ठेवावेत हे अजून ठरलेले नाही.